दशांश : कुणाकडून, कुणासाठी, किती?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर मंडळीचा पैसा सांभाळला. म्हणून यंदा पैशावरच बोलायचं ठरवलं. देवळात पैशाचा विषय निघाला की आपण अवघडतो. एक तर तो विषय टाळतो, नाहीतर एकदम मलाखी काढून समोरच्याला घाबरवतो. आज या दोन्ही वाटा सोडून सरळ बोलू या.

प्रश्न तुमच्या ओळखीचा आहे. उपासना संपते, लोक बाहेर पडतात, आणि नुकताच नोकरीला लागलेला एखादा मुलगा हळूच विचारतो, दशांश कशावर काढायचा? हातात पडणाऱ्या पगारावर, की पगारपत्रकावर वर लिहिलेल्या आकड्यावर? प्रॉव्हिडंट फंड कापून, की न कापता? शेतकरी विचारतो, मार्केटातून आलेल्या कांद्याच्या पट्टीवर काढू, की बियाणं, खत, मजुरी, वाहतूक वजा करून जे उरेल त्यावर? हे दोघे निदान विचारतात तरी. तिसरी एक बाई असते, ती विचारत नाही. ती चार घरची धुणीभांडी करते, शेवटच्या बाकावर बसते, आणि देवाला लुटणाऱ्यांवर प्रवचन सुरू झालं की मान खाली घालते. माझं आजचं बोलणं मुख्यतः तिच्या वतीने आहे.

किती द्यायचं, याचं उत्तर मी देणार आहे, आकड्यासकट देणार आहे. पण शास्त्रात हा प्रश्न तिसरा येतो. पहिला प्रश्न, कुणाकडून घ्यायचं? दुसरा, कुणासाठी घ्यायचं? हे दोन प्रश्न गाळून आपण थेट तिसऱ्यावर उडी मारतो, आणि मग दहा टक्क्यांचं ओझं नेमकं चुकीच्या खांद्यावर जाऊन बसतं.

दशांश बायबलमध्ये फार जुना आहे. अब्राहामाने लढाईतल्या लुटीचा दहावा भाग मलकीसदेकाला दिला. याकोबाने बेथेलला दहावा हिस्सा द्यायचा नवस केला. पण अब्राहामाचं देणं एकदाचं होतं आणि याकोबाचा होता नवस. नियम म्हणून दशांश येतो तो मोशेच्या नियमशास्त्रात, आणि तिथे आपण जरा थांबू या, कारण तिथलं आपण अर्धंच वाचतो.

लेवीय पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात दशांश कशाचा, ते सांगितलं आहे. जमिनीच्या धान्याचा, झाडांच्या फळांचा, आणि गुराढोरांचा. जनावरांची मोजणी कशी व्हायची, तेही आहे. कळप मेंढपाळाच्या काठीखालून एकेक करून सोडायचा, आणि दहावं जनावर येईल ते परमेश्वराचं. चांगलं की वाईट, ते पाहायचं नाही, बदलायचं नाही. आता मला सांगा, ज्याच्याकडे नऊच शेळ्या आहेत, त्याचं काय? त्याची दहावी शेळी काठीखालून येतच नाही. त्याला काही लागू होत नाही! हा नियम लिहिणाऱ्याला शेळ्या पाळणाऱ्या गरिबाचं घर ठाऊक होतं.

आणि मजूर? दुसऱ्याच्या शेतात रोजाने राबणारा? त्याच्या मजुरीवर दशांश सांगितलेला तुम्हाला नियमशास्त्रात सापडणार नाही. दशांश जमिनीच्या पिकाचा होता, कळपाचा होता, म्हणजे ज्याच्याकडे जमीन आणि कळप आहे त्याने द्यायचा होता. भूमिहीन माणूस देणाऱ्यांच्या यादीत नाही. तो आहे घेणाऱ्यांच्या यादीत.

ती यादी अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात आहे. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, आज घरी गेल्यावर तो अध्याय वाचा. तिथे दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही प्रवचनांतून फारशा ऐकू येत नाहीत. पहिली अशी, की दशांश देवाने निवडलेल्या ठिकाणी न्यायचा आणि तिथे कुटुंबासह बसून खायचा. होय, खायचा! ठिकाण फार लांब असेल, धान्य वाहून नेणं जमत नसेल, तर ते विकून चांदी गाठीला बांधायची, तिथे जाऊन मनाला आवडेल ते विकत घ्यायचं आणि देवासमोर आनंद करायचा. त्या पंगतीत लेव्याला विसरायचं नाही, कारण त्याला वतनाची जमीन मिळालेली नाही. दुसरी गोष्ट अशी, की दर तिसऱ्या वर्षी तो दशांश लांब न्यायचाच नाही. आपल्याच गावाच्या वेशीत साठवायचा. कुणासाठी? लेव्यासाठी, परक्यासाठी, अनाथासाठी, विधवेसाठी. त्यांनी यावं आणि पोटभर खावं.

गणनेच्या पुस्तकात लेव्यांचा दशांश आहे, अनुवादात सणाचा आहे आणि गरिबांचाही आहे. कॅथॉलिक बंधूंच्या बायबलमध्ये तोबीताचं पुस्तक आहे; तो तोबीत सांगतो की मी असे तीन दशांश देत होतो. यहुदी परंपरेने ते वेगवेगळे धरले, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची म्हणून तेवढं वर्ष वगळलं, आणि तसा हिशेब केला तर शेतकऱ्याचं देणं वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास जातं. तेव्हा नियमशास्त्रात दहा टक्के लिहिलेत म्हणून दहाच, असं जो म्हणतो, त्याने नियमशास्त्र पुरतं मोजलेलं नाही. जमीनदाराला दहा कमी पडतात आणि मजुराला शून्य लागू होतं. आपण मात्र दोघांनाही एकच आकडा सांगतो.

आता मलाखी. त्याला वगळून मला पुढे जाता येणार नाही, कारण दशांशाच्या बहुतेक प्रवचनांचं बळ मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. देवाला लुटण्याचा आरोप तिथेच, भांडारात दशांश आणण्याची आज्ञा तिथेच, आकाशाच्या खिडक्या उघडण्याचं वचनही तिथेच. आठव्या वचनापासून आपण वाचायला लागतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तीन वचनं आधीपासून वाचा. पाचव्या वचनात देव न्यायासाठी येतो आहे, आणि तो कुणाविरुद्ध साक्ष देणार त्यांची नावं घेतली आहेत. त्यांत मजुराची मजुरी अडवणारे आहेत, विधवेला आणि पोरक्याला छळणारे आहेत, परक्याचा हक्क बुडवणारे आहेत. म्हणजे ज्या अध्यायाने आपण मोलकरणीला घाबरवतो, त्याच अध्यायात देव तिची मजुरी बुडवणाऱ्यावर खटला भरतो आहे. पाचवं वचन गाळून दहावं वाचायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

आणि ते भांडार रिकामं का पडलं होतं? नहेम्याच्या तेराव्या अध्यायात त्या काळातली हकिगत आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. मंदिरात एक मोठी खोली होती. धान्य, द्राक्षारस, तेल यांचा दशांश तिथे ठेवला जाई. एल्याशीब नावाच्या याजकाने ती खोली आपल्या सोयऱ्याला, तोबीयाला देऊन टाकली. तोबीया म्हणजे बडी असामी. लेव्यांचं धान्य जिथे ठेवायचं तिथे एका वजनदार माणसाचं बिऱ्हाड! नहेम्या खोलीतलं तोबीयाचं सामानसुमान बाहेर फेकतो, खोली शुद्ध करवून घेतो. पुढे त्याला कळतं की लेव्यांना त्यांचा वाटा मिळत नाही, आणि ते, गाणारे आणि सेवा करणारे, मंदिर सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेलेत. मग तो काय करतो? अधिकाऱ्यांना जाब विचारतो. त्यानंतर यहूदाचे लोक पुन्हा दशांश आणू लागतात. आणि शेवटी तो भांडारावर खजिनदार नेमतो. एक याजक, एक लेखक, एक लेवी, आणि त्यांच्या हाताखाली एक मदतनीस. का नेमले? ते विश्वासू मानले जात म्हणून. वाटणीचं काम त्यांचं.

क्रम बघा. आधी खोली साफ झाली, मग लोकांनी आणलं. ज्या मंडळीत दान आटलंय तिथल्या पंचांनी व्यासपीठावरून लोकांना बोल लावण्याआधी आपल्या भांडाराच्या खोलीत कोण राहतंय ते पाहावं. जमिनीच्या व्यवहारांवरून आपल्या चर्चमध्ये किती कोर्टकज्जे चाललेत, ते इथे बसलेल्या कुणालाही नव्याने सांगायला नको. वकिलाची फी दानाच्या थैलीतून जाते आणि पाळकाचा पगार तीन महिने थकतो, असं जिथे घडतं तिथे लोक हात आखडता घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

नव्या करारात येऊ या. प्रभू येशू दशांशावर थोडंच बोलला. शास्त्री आणि परूशी पुदिना, शेप, जिरं यांचासुद्धा दहावा भाग मोजून काढत. म्हणजे परसातल्या वाफ्यातली पानंही मोजायची! प्रभू त्यांना सांगतो की तुम्ही न्याय, दया आणि विश्वास या भारी गोष्टी सोडून दिल्या. त्या करायच्या होत्या आणि ह्याही सोडायच्या नव्हत्या. दशांशाचं समर्थन करणारे या शेवटच्या अर्ध्यावर बोट ठेवतात, आणि ते खरंच तिथे आहे. पण तो बोलत होता नियमशास्त्राखालच्या माणसांशी, आणि त्याचा भर कुठे होता ते वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

विधवेच्या दोन दमड्यांबद्दल मात्र मला आज मोकळेपणाने बोलायचं आहे. ही गोष्ट आपण दान गोळा करायच्या वेळी सांगतो. बघा, तिने सगळं दिलं, तुम्ही काय देता? मार्काचा बारावा अध्याय उघडा. या गोष्टीच्या अगदी आधीचं वाक्य कशावर आहे? विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर आहे. आणि तेरावा अध्याय कशाने सुरू होतो? त्याच मंदिराचा दगडावर दगड राहणार नाही, या भविष्याने. या दोहोंच्या मध्ये ती बाई आपली सारी उपजीविका पेटीत टाकून जाते. प्रभूने तिचा सन्मान केला, यात मला तिळमात्र शंका नाही. पण त्याच श्वासात त्याने त्या व्यवस्थेवरही ठपका ठेवला, असंच मी वाचतो. जिचं घर शास्त्र्यांनी गिळलं तिच्या दमड्यांवर मंदिर चालावं, हे त्याला मान्य होतं असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

मार्काच्या सातव्या अध्यायात आणखी एक प्रसंग आहे. आईबापांना जे द्यायचं ते कुर्बान, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना प्रभूने खडसावलं. तेव्हा म्हातारीच्या इन्सुलिनला पैसे लागले म्हणून यंदा दशांश पुरा झाला नाही, असं सांगणाऱ्या मुलाच्या मनावर अपराधाचं ओझं ठेवू नका. त्याने पाचवी आज्ञा पाळली आहे. कॅथॉलिक मंडळी तिला चौथी म्हणतात, आज्ञा एकच.

पौलाने निरनिराळ्या मंडळ्यांना पत्रं लिहिली, पैशासाठी चांगलं स्पष्ट लिहिलं, पण दहा टक्के कुठेही मागितले नाहीत. करिंथकरांना त्याने दोन अध्यायभर समजावलं आहे. कशासाठी? यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी. त्याची पद्धत अशी, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याला जशी प्राप्ती झाली असेल तसं त्याने बाजूला काढून ठेवावं. जे आपल्याजवळ आहे त्यावरून द्यावं, नाही त्यावरून नाही. मनात ठरवून द्यावं, कुरकुरत किंवा कुणी भाग पाडलं म्हणून देऊ नये. आणि ध्येय काय? समानता. तुमची विपुलता त्यांच्या टंचाईला पुरी पडावी. दुसऱ्यांना सुख आणि तुम्हाला ताण, असा आपला हेतू नाही, हेही तो लिहून ठेवतो. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि प्रभू त्याला म्हणाला नाही की दहा टक्के पुरेत. बर्णबाने शेत विकून सगळी रक्कम प्रेषितांच्या पायाशी ठेवली. सुरुवातीच्या मंडळीत लोक दहाच्या अलीकडेही होते आणि दहाच्या कितीतरी पलीकडेही.

इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या कामाची एकच गोष्ट आहे. दुसऱ्या शतकाच्या शेवटी उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तर्तुल्यन आपल्या मंडळीचं वर्णन करतो. महिन्यातून एकदा ज्याला जमेल त्याने, इच्छा असेल तर, जमेल तेवढं द्यायचं. तो पैसा जायचा गरिबांना जेवू घालायला आणि पुरायला, पोरक्या मुलामुलींना, घरी बसलेल्या म्हाताऱ्या नोकरांना, जहाज फुटलेल्यांना, विश्वासासाठी तुरुंगात पडलेल्यांना. सक्ती नव्हती. सक्ती आली नंतर. ५८५ साली फ्रान्समधल्या माकोंच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा ठरवली. ७७९ मध्ये शार्लमेनने तो राज्याचा कायदा केला. मग हजार वर्षं युरोपातला शेतकरी पेंढ्या मोजून देत राहिला, आणि त्या पेंढ्या पुष्कळदा गरिबांपर्यंत न पोचता सरदारांच्या आणि मठांच्या कोठारांत गेल्या. १७८९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांबरोबर दशांशही मोडून काढायचा निर्णय घेतला.

आयर्लंडचं ऐकाल तर अंगावर काटा येईल. तिथले शेतकरी कॅथॉलिक, आणि दशांश द्यायचा प्रॉटेस्टंट राजचर्चला. १८३१ पासून लोकांनी तो द्यायला नकार दिला. डिसेंबर १८३४ मध्ये कॉर्क परगण्यात राथकॉर्मॅकजवळ एका विधवेकडची थकबाकी वसूल करायला सशस्त्र सैनिक गेले, गोळीबार झाला आणि कितीतरी माणसं मेली. ज्या दशांशातून विधवेने पोटभर खावं असं देवाने सांगितलं होतं, तो दशांश बंदुका घेऊन विधवेच्या खळ्यावर वसुलीला गेला. दोन प्रश्न विसरले की तिसरा प्रश्न इथवर पोचतो.

आपल्या महाराष्ट्राकडे वळतो. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले, १८३१ मध्ये नगरला आले. नगर जिल्ह्यातली आपली बहुतेक मंडळी महार आणि मांग समाजांतून उभी राहिली. आपल्यापैकी अनेकांचे खापरपणजोबा गावकीची कामं करत, आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं घेत. सगळ्यांचं मापून झालं की त्यांची पाळी. हक्काचं असूनही ते हात पसरून घ्यावं लागे. अशा माणसाच्या नातवाने रविवारी उठून स्वतःच्या शेतातली बाजरी वेदीपुढे ठेवली, तेव्हा काय घडलं असेल, याचा विचार करा. घेणारा म्हणूनच ज्याला गावाने ओळखलं, तो देणारा झाला! दशांशाच्या बाजूने बोलायचं असेल तर मी हे सगळ्यात आधी बोलेन. गरिबाला देऊ नको म्हणणं हाही त्याचा अपमान आहे. त्याला धाक घालणं हा त्याहून मोठा.

१८५४-५५ मध्ये या मिशनला पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन इकडे पाहणीला आले. त्यांचा आग्रह असा, की मंडळीचे पाळक इथलेच असावेत आणि त्यांचा खर्चही इथल्यांनीच सोसावा. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण स्वावलंबनाचा प्रश्न सुटायला पिढ्या गेल्या. काही ठिकाणी तो अजून सुटलेला नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि देवाच्या दरबाराची कल्पना मांडली. ख्रिस्ताचं काम परक्या पैशावर चालू नये, ही तळमळ त्यांच्या त्या पावलामागे होती असं मी मानतो.

आणि आपला कापणीचा सण! खिडक्यांना बांधलेले ऊस, पायऱ्यांवर भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या, बाजरीची कणसं, बरणीतलं लिंबाचं लोणचं, आणि पाय बांधलेली एक कोंबडी, जी प्रवचनभर कुरकुरत असते. उपासना झाली की अंगणात लिलाव. डझनभर अंडी पाचशेला जातात, आणि घेणारा ती पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लावा म्हणतो. म्हातारीने आणलेली मेथीची जुडी डॉक्टर घेतात, वर तिला विचारतात, आई, कुठल्या वाफ्यातली? तिथे कुणी टक्का विचारत नाही. ज्याच्या शेतात पिकलं त्याने आणलं, ज्याच्या खिशात होतं त्याने बोली चढवली. अनुवादातली ती देवासमोरची पंगत मला आपल्याकडे दिसते ती इथेच.

आता तिसरा प्रश्न. किती?

दोन घरं घ्या. एकाची मिळकत महिना पंधरा हजार, दुसऱ्याची दीड लाख. दोघांनी दहा टक्के दिले. पहिल्याचे गेले दीड हजार, म्हणजे पोराच्या शाळेची फी नाहीतर अर्धा किराणा. उरले साडेतेरा हजार. दुसऱ्याचे गेले पंधरा हजार, उरले एक लाख पस्तीस हजार. त्याच्या घरातला एकही दिवा कमी झाला नाही. टक्का सारखा, देणं सारखं नाही. म्हणून मी दोघांना एक आकडा सांगणार नाही.

ज्याचं घर भागून शिल्लक पडते, त्याला मी म्हणतो, दहा टक्क्यांपासून सुरुवात कर, आणि पगार वाढेल तसा टक्काही वाढव. जॉन वेस्लीचा हिशेब प्रसिद्ध आहे. ऑक्सफर्डमध्ये त्याला वर्षाला तीस पौंड मिळायचे; अठ्ठावीसमध्ये तो राहायचा, दोन द्यायचा. पुढच्या वर्षी साठ मिळाले. तरी अठ्ठावीसमध्येच राहिला, बत्तीस दिले. नव्वद झाले तेव्हा बासष्ट दिले. त्याने देण्याला हद्द घातली नाही, खर्चाला घातली. आपल्यातल्या डॉक्टरांना, प्राध्यापकांना, पुण्याच्या आयटी कंपन्यांतल्या आणि आखातातल्या मुलांना माझं सांगणं आहे, हा हिशेब घरी बायकोबरोबर बसून एकदा करा.

ज्याचं जेमतेम भागतं, त्याने स्वतः मनात ठरवावं. दोन टक्के असतील, पाच असतील. त्याला कुणी विचारू नये आणि यादीत त्याचं नाव वाचू नये. ज्याच्यावर सावकाराचं नाहीतर बचत गटाचं कर्ज आहे, त्याने आधी हप्ता भरावा. घेणेकऱ्याचे पैसे देवाला वाहता येत नाहीत. आणि ज्याचं भागतच नाही, त्याच्या घरी थैली जाऊ नये, थैलीतलं धान्य जावं.

त्या मुलाचा प्रश्न राहिला, वरच्या आकड्यावर की हातातल्या? मी म्हणतो, हातातल्या. जे आपल्याजवळ आहे त्यावरून द्यावं, हे पौलाचं सूत्र मला पुरेसं आहे. शेतकऱ्याने खर्च वजा करून द्यावं, आणि ज्या वर्षी कांदा रस्त्यावर ओतावा लागला त्या वर्षी देऊ नये. फंडाची रक्कम निवृत्तीला हातात येईल तेव्हा तिच्यावर विचार करावा. यापेक्षा कडक कुणाला व्हायचं असेल तर स्वतःपुरतं खुशाल व्हावं.

एका गोष्टीवर मात्र मी तडजोड करणार नाही. देवाला दहा द्या, शंभर होऊन परत येतील, असं सांगून जे पैसे गोळा करतात, ते सुवार्ता सांगत नाहीत. आजारी माणसाला दशांशाची पावती दाखवून बरं करायचं आश्वासन देणं हे पाप आहे, आणि आपल्या वस्त्यांत ते आज घडतं आहे. तिथे गप्प बसणारा पाळकही त्यात वाटेकरी होतो.

घेणारी मंडळीही देणं लागते. गणनेच्या अठराव्या अध्यायात लेव्यांना सांगितलं आहे की मिळालेल्या दशांशाचाही दशांश काढा. मंडळीला हे लावून बघा. वीस कुटुंबं अशी धरा ज्यांच्या हातात महिना साठ हजार पडतात. त्यांनी दहावा भाग दिला तर महिन्याला एक लाख वीस हजार होतात. यात पाळकाचा पगार वेळेवर निघतो, वीजबिल निघतं, रविवारच्या शाळेची पुस्तकं निघतात, आणि मोलमजुरी करणाऱ्या एकाही घराकडे मागावं लागत नाही. उत्पन्न घटेल ही भीती ज्यांना वाटते त्यांनी मिझोरामकडे पाहावं. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून रोजच्या शिजवायच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढायला सुरुवात केली. पैसा हातात नसलेल्या त्या बायका होत्या. त्या मुठींवर पुढे प्रचारक बाहेरच्या प्रांतांत गेले.

मग त्या एक लाख वीस हजारांतले बारा हजार दर महिन्याला भिंतीबाहेर जाऊ द्या. जमाखर्चाचं पान पंचांनी दर महिन्याला दारात लावावं. वर्षाअखेरीचा ताळेबंद धर्मादाय आयुक्तांकडे जातोच, तो आधी आपल्या लोकांना दिसला पाहिजे. बारा हजारांत नर्सिंगला गेलेल्या एका मुलीची मेस आणि पुस्तकं भागतात, किंवा ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या दोन मुलांना गावातच ठेवून शाळेत जाता येतं. ती मुलगी कुणाची, ती मुलं कोणत्या धर्माची, हे पंचांनी बैठकीत विचारायचं नाही. अनुवादाच्या त्या यादीत विधवेच्या आणि अनाथाच्या बरोबरीने परक्याचं नाव आहे, आणि ते देवाने स्वतः घातलेलं आहे.